चहाला अहो-जाहो

पुन्हा खोकंच आलं होतं.

कुरियरवाला ते दाराबाहेर ठेवून केव्हाच निघून गेला होता. सॉक जंगरानने बाजूवरचं बगळ्याचं चित्र पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. आत काय असणार हे तिला न उघडताच ठाऊक होतं. जवाच्या चहाची चार पाकिटं, शेवाळाच्या सुपाची सहा, आणि सगळ्यांत वर एक गुळगुळीत छापील कार्ड, 'आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार.' सूचना कसली होती, ती बरोबर होती की चूक, पुढे तिचं काय झालं, यावर अवाक्षर नाही.

"भीक मागितली होती का मी?" ती खोक्यालाच म्हणाली.

बगळ्याच्या कंपनीला तिने लिहिलेल्या अडतिसाव्या पत्राचं हे उत्तर. अडतीसच, कारण प्रत्येक पत्राच्या उजव्या कोपऱ्यात ती बारीक अक्षरात क्रमांक घालायची. सवयच होती ती. जंजू शहरातल्या एका दैनिकात बावीस वर्षं तिने मुद्रितशोधन केलं होतं. मग देशावर कर्जाचं संकट आलं, त्या हिवाळ्यात संपादकांनी अख्खा विभागच बंद केला. सहा बायका आणि दोन पुरुष, एका दुपारी घरी. 'एखादी चूक राहिली तरी वाचकांना अर्थ कळतोच की,' असं संपादक निरोपाच्या भाषणात म्हणाले होते. त्याला आता पंचवीस वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की जंगरानचे कान अजून तापायचे.

तर ही चूक. चहाच्या पाकिटावर मागच्या बाजूला, कृतीच्या खाली, कंपनीने छापलं होतं, 'दोन मिनिटांत जवाचा चहा तयार होऊन येतील. ते गरम आहेत, जपून घ्यावे.'

येतील! चहा येतील! जणू सासरेबुवाच यायचेत दोन मिनिटांत.

हा रोग दुकानांतून सुरू झाला होता. गिऱ्हाईक रागावेल, वर तक्रार करेल, या धास्तीने काउंटरवरच्या पोरी समोर दिसेल त्या वस्तूला मान द्यायला लागल्या. 'आपली कॉफी आल्या आहेत.' 'हा रंग संपले आहेत.' पोरींवर जंगरान कधी चिडली नाही. त्यांचं पोट त्यावर होतं. पण छापायचं म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसून, विचार करून, सही करून छापायचं. चहाला अहो-जाहो करणारी ही माणसं एका बाईच्या पत्राला दोन ओळींचं उत्तर देत नव्हती, आणि हे तिला सहन होत नव्हतं.

तिला हव्या होत्या त्या दोनच ओळी. चूक होती. दुरुस्त केली. बस. सहा वर्षं ती त्यांची वाट पाहत होती आणि सहा वर्षं तिला सूप मिळत होतं.

खोकं तिने न उघडताच चाकांच्या पिशवीत घातलं आणि खाली सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या खोलीत नेलं. घरात ठेवलं असतं तर ते पाहून रोज पित्त झालं असतं. खोलीतल्या, खालून तापवलेल्या जमिनीवर आठदहा म्हाताऱ्या फुलांची चित्रं असलेल्या पत्त्यांचा डाव मांडून बसल्या होत्या. बगळा दिसताच डाव मोडला.

"आला गं बाई आमचा बगळा!" को मालसून गुडघ्यावर हात टेकून उठली. मालसून एकोणऐंशी वर्षांची, खोलीची प्रमुख. दुपारचं जेवण कुणी रांधायचं, लसूण कुणी सोलायचा, हे फळ्यावर तीच लिहायची. "पण जंगरान, तू तरी काय गं! सारखं सूप, सारखं सूप. जरा कॉफीवाल्यांची चूक शोध की. ती साखर घातलेली, बारीक पुड्यांतली येते ना, ती कधीची संपलीय."

"मी खोक्यांसाठी लिहीत नाही, ताई."

"तेच तर म्हणते. लिहितेसच, तर कॉफीला लिही."

सगळ्या हसल्या. कोपऱ्यातून एकीने ट्यूना माशाच्या डब्यांची फर्माईश केली. दुसरी म्हणाली, "माझ्या सुनेच्या शॅम्पूवर बघ ना काही मिळतंय का." जंगरानने चपला पायांत सरकवल्या आणि वर निघून आली. पायऱ्या चढताना तिला वाटलं, संपादकसाहेब परवडले. ते निदान तिला कामावरून काढत होते. या तर तिचं काम खाऊन ढेकर देत होत्या.

*

त्यानंतर महिनाभराने कंपनीची माणसंच घरी आली.

अशी येतात. तक्रार मोठी असली की दोघं येतात, हातात खोकं घेऊन. मोजे घातलेल्या पायांनी आत येऊन जमिनीवर गुडघे टेकून बसतात, वाकून माफी मागतात आणि तक्रारीची वस्तू परत मागून घेऊन जातात. जंगरानने दोघांना खिडकीतून पार्किंगमधून येताना पाहिलं आणि बगळा ओळखला. अखेर आली म्हणायची! तिने पटकन केस सारखे केले, लाल पेन्सिल आणि चहाचं पाकीट बैठ्या मेजावर आणून ठेवलं.

मालसूनही त्या वेळी घरातच होती. मुळ्याच्या किमचीचं, आंबट-तिखट लोणच्याचं, भांडं द्यायला म्हणून आली होती आणि स्वयंपाकघरात बसून गप्पा हाणत होती. कंपनीची माणसं आलीत म्हटल्यावर तिचं तोंड एकदम बंद झालं. जंगरानच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

पुढे बसला तो पुरुष चाळिशीचा, चकचकीत केसांचा. टीमप्रमुख मिन असं कार्ड त्याने दोन्ही हातांनी पुढे केलं. त्याच्यामागे पन्नाशीची एक बाई, चष्मा, मांडीवर जाडजूड फाईल. तिचं नाव हा ग्योंगमी. पत्रं उघडण्याचं काम तिचं, असं मिननेच सांगितलं.

"ग्राहक मॅडम," मिन म्हणाला, "आपली एकोणचाळीस पत्रं आमच्याकडे आहेत."

"अडतीस," जंगरान म्हणाली.

"एकोणचाळीस. आणि प्रत्येक वेळी आम्ही काही ना काही पाठवलेलं आहे. नाही का?"

"मी मागितलं होतं?"

"मागत कुणीच नाही हो मॅडम." मिन गोड हसला. "अशी माणसं आमच्या रोजच्या ओळखीची आहेत. आधी बारीकसारीक खुसपट काढतात. मग हळूहळू मजल वाढते. पण हे शेवटचं जरा जास्तच झालं."

त्याने हात मागे केला. ग्योंगमीने फाईलमधून एक कागद काढून मेजावर ठेवला. 'मि सॉक जंगरान. तूमच्या चहाच्या पाकीटात मेलेला पतंग निघाला आहे. मि फार घाबर्ले आहे. लवकर काहितरी पाठवा. कॉफि असलि तरि चालेल.'

पहिल्याच ओळीत तीन चुका होत्या. पुढे तर मोजायची सोय नव्हती. पण जंगरानचे डोळे चुकांवर नव्हतेच, अक्षरावर होते. उजवीकडे कललेलं, शेपट्या लांब ओढलेलं ते अक्षर ती रोज फळ्यावर वाचत होती. सोमवार भात, मंगळवार सोयाबीनच्या पेस्टचं कालवण.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. दाराच्या फटीतून मालसूनचा चेहरा दिसत होता, पिठासारखा पांढरा.

"तो पतंगवाला नमुना द्या," मिन म्हणाला. "प्रयोगशाळेत पाठवू. नमुना नसेल, तर ही खोटी तक्रार झाली. आमचे वकील म्हणतात पोलिसांत देता येते. तुमच्या वयाकडे बघून आम्ही एक मार्ग काढलाय."

त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. आपली तक्रार आपण मागे घेत आहोत आणि यापुढे कंपनीला कोणत्याही कारणाने, कोणत्याही स्वरूपात पत्र लिहिणार नाही, असं त्यात होतं. खाली सहीची जागा.

जंगरानच्या अंगाचा भडका उडाला. हे पत्र माझं नाही, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. ज्या बाईने हे लिहिलं ती तिथे, चार हातांवर उभी होती, तिचं बखोट धरून आणायचं आणि बसवायचं यांच्यापुढे. पण ती बाई एकोणऐंशी वर्षांची होती, रक्तदाबाच्या गोळ्या खात होती, आणि पोलीस हा शब्द ऐकून दाराची चौकट धरून उभी होती. नाही सांगितलं, तर बावीस वर्षांचं नाव मातीत. 'लवकर काहीतरी पाठवा' हे वाक्य सॉक जंगरानच्या नावावर कायमचं फाईलला लागणार. आणि पत्रं बंद. ते दोन ओळींचं उत्तर आता कधीच यायचं नाही.

ग्योंगमी म्हणाली, "या पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक नाहीये." ती आल्यापासून पहिल्यांदाच बोलत होती. "बाकी सगळ्यांवर आहे."

मिनने मान वळवून कागदाचा कोपरा पाहिला.

"विसरले असेन," जंगरान म्हणाली. "म्हातारी झाले."

"म्हणजे हे तुम्हीच लिहिलंत?"

"सांगितलं ना, मीच."

हे म्हणताना तिची जीभ भाजल्यासारखी झाली. तिने संमतीपत्र ओढून घेतलं, पण सही करण्याआधी लाल पेन्सिल उचलली. चार ठिकाणी खुणा केल्या, एक अख्खी ओळ खोडून समासात नीट लिहिली. मिनच्या कपाळावर शीर उठली.

"मॅडम, तो कायदेशीर कागद आहे!"

"मग धड लिहा की!" जंगरान कडाडली. "चुकीच्या कागदावर मी सही करत नसते. चहाला मान देता, कॉफीला मान देता, आणि माणसाच्या घरात येऊन त्याला चोर म्हणता! हे घ्या. आणि ते खोकं आधी उचला, नाहीतर जिन्यावरून खाली टाकीन."

खोकं मिनने उचललं. कागद ग्योंगमीने घेतला, आणि लाल खुणा आतल्या बाजूला राहतील अशी त्याची जपून घडी घातली. दारात तिने चपला घातल्या आणि जंगरानला जरा जास्तच वाकून नमस्कार केला.

*

दार लागलं आणि जंगरान स्वयंपाकघराकडे वळली.

"ये बाहेर."

"जंगरान, अगं ऐक—"

"पतंग? पतंग, ताई?"

"माशी लिहिणार होते," मालसून रडवेली होऊन म्हणाली. "माशी फार बारीक वाटली."

"माझ्या नावाने!"

"तुझं नाव चालतं म्हणून! माझ्या नावाला कोण विचारतंय? तुझं पत्र गेलं की आठ दिवसांत खोकं येतं. खोलीतली कॉफी संपली होती गं. आपल्यातल्या सगळ्यांत धाकटीच्या वाढदिवसाला नुसतं गरम पाणी प्यालो आम्ही. म्हटलं, एका पतंगाने कुणाचं काय बिघडतंय?"

"काय बिघडतंय?" जंगरानचा आवाज फाटला. "पतंग घातलास तो घातलास, पहिल्या ओळीत तीन चुका घातल्यास! आता त्या फाईलमध्ये त्या माझ्या चुका आहेत! मेले तरी माझ्याच!"

मालसून जमिनीवर बसली आणि पदर नसल्याने ॲप्रनलाच डोळे पुसायला लागली. "मग सांगायचं होतंस ना त्यांना," ती हुंदक्यांतून म्हणाली. "का नाही सांगितलंस?"

या प्रश्नाने जंगरान आणखीच चिडली. तिने किमचीचं भांडं मालसूनच्या हातात परत दिलं. सोसायटीत यापेक्षा मोठं भांडण नसतं. पुढे तीन आठवडे ती ज्येष्ठांच्या खोलीत गेली नाही. लिफ्टमध्ये मालसून दिसली की ती पायऱ्यांनी जायची, गुडघे दुखत असूनही.

घरी ती बसून राहायची. टूथपेस्टवर चूक दिसायची, सुकवलेल्या माशांच्या पिशवीवर दिसायची. बाकीच्या कंपन्यांना लिहायला तिला कुणी मनाई केली नव्हती, पण हात उचलत नव्हता. एकदा दुकानात तिने जवाच्या चहाचं नवं पाकीट उलटून पाहिलं. रंग बदलला होता, बगळ्याने मान वळवली होती, आणि खाली चहा अजून दोन मिनिटांत तयार होऊन येत होते. तिने ते पाकीट फळीवर इतक्या जोरात आपटलं की दुकानातली मुलगी धावत आली. "काही झाले आहेत का?" असं तिने विचारलं, आणि जंगरानला हसावं की रडावं कळेना.

त्याच संध्याकाळी मालसून दार वाजवून, उत्तराची वाट न बघता आत आली. तिच्या हातात रेघांची वही होती आणि बॉलपेन.

"सांग," ती मेजाशी बसत म्हणाली.

"काय सांग?"

"पत्र. तू लिहिणार नाहीस असं तू सही करून दिलंयस. मी कुठे दिलंय? को मालसून हे नाव कुठल्या कागदावर नाही. तू बोल, मी लिहिते. माझ्या स्वतःच्या नावाने लिहिते. बस झालं हे तोंड फिरवून चालणं, मला लिफ्टमध्ये भीती वाटते एकटीला."

जंगरानने मेजावरचा पसारा बाजूला सारला. मग म्हणाली, "पेन नीट धर."

पत्र सात ओळींचं होतं, पण त्याला दोन तास लागले. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला. तिसऱ्याच्या वेळी मालसून म्हणाली, "अगं, कळतंय ना अर्थ? मग झालं!" आणि जंगरानने तिच्याकडे असं पाहिलं की तिने गुपचूप चौथा घेतला. चौथ्यात एकही चूक नव्हती. चहा हा चहा आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्याला मान दिल्याने गिऱ्हाइकाचा मान वाढत नाही. कृपया वाक्य दुरुस्त करावे, आणि केले की कळवावे. काही पाठवू नये.

"काही पाठवू नये?" मालसूनचा हात थांबला. "हे कशाला?"

"लिही."

तिने लिहिलं. खाली आपलं नाव घातलं, शेपूट लांब ओढून.

*

उत्तर यायला अठरा दिवस लागले. खोकं नव्हतं. नुसता लिफाफा.

तो ज्येष्ठांच्या खोलीच्या पत्त्यावर आला होता, को मालसून यांच्या नावाने. सगळ्या म्हाताऱ्या भोवती गोळा झाल्या. मालसूनने लिफाफा उलटा करून झटकला, आत बोट घालून पाहिलं.

"दोन कागदच आहेत फक्त!"

"कूपन असेल," एकजण आशेने म्हणाली.

"कसलं कूपन! पत्र आहे. आणि हाताने लिहिलंय बघा." मालसूनने चष्मा चढवला आणि ठसक्यात वाचायला घेतलं. "'आपले म्हणणे बरोबर आहे. चूक आमची होती. पुढच्या छपाईत वाक्य दुरुस्त केले आहे, सोबत नमुना जोडला आहे. हे उत्तर द्यायला सहा वर्षे उशीर झाला, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. आपल्या एकोणचाळीस पत्रांबद्दल आभार. हा ग्योंगमी.'"

तिने चष्मा काढला.

"ही काय बाई आहे! सहा वर्षं काय, एकोणचाळीस काय! मी आयुष्यात एक पत्र लिहिलं. एक! अठरा दिवस झाले त्याला. मोजता येत नाही आणि निघाल्यात उत्तरं लिहायला. खोकं नाही ते नाही, वर हा घोळ!" मालसून खरोखर संतापली होती. तिने कागद जंगरानपुढे धरला. "घे तुझी लाल पेन्सिल. चांगली मोठी खूण कर आणि पाठव परत."

जंगरानने कागद घेतला. लाल पेन्सिल तिच्या खिशात होती, तिने ती काढलीही. मग ओळीखाली पेन्सिलचं टोक धरून ती सावकाश वाचत गेली, पूर्वी कार्यालयात वाचायची तशी, अक्षर न् अक्षर. अडतीस तिची, आणि हे मालसूनकडून लिहून घेतलेलं एक. पतंगाचं पत्र त्या बाईने मोजलंच नव्हतं.

"सहा वर्षं!" जंगरान एकदम ओरडली, आणि सगळ्या दचकल्या. "दोन ओळी लिहायला सहा वर्षं! लाज नाही वाटत या लोकांना!"  बाहीने तिने डोळे खसाखसा पुसले.

"तेच म्हणतेय ना मी," मालसून म्हणाली. "कर खूण. कुठे आहे चूक, ती एकोणचाळीसवरच ना?"

जंगरानने पेन्सिल खिशात ठेवली. कागदाची घडी घातली, ग्योंगमीने तिच्या दारात घातली होती तशीच, जपून.

"यात चूक नाही, ताई," ती म्हणाली. "सरका जरा, मला बसू द्या. लसूण कुठे आहे आजचा?"